घासलेला वेल्ड

सगळी गल्ली स्टँडचं कौतुक करत होती आणि संयोगिताची नजर मात्र त्याच्या एका जोडावरून हटत नव्हती.

कोल्हापुरात, कळंब्याला जाणाऱ्या रस्त्याकडेला तिचं आणि नवऱ्याचं, अमरसिंहचं, मोटारसायकलींचं गॅरेज. त्याच्या दारात तो स्टँड उभा केलेला. गाडीचं पुढचं चाक जमिनीवरून उचलून धरणारा लोखंडी घोडाच म्हणा ना. गर्द निळा रंग, अजून वास मारणारा. सासूबाईंनी, म्हणजे बायडाबाईंनी, त्याला हळदीकुंकू लावून पुढ्यात नारळ ठेवलेला. समोरचा सलूनवाला तर गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण तसाच सोडून बघायला आला होता.

"मिस्त्री, नाद खुळा!" तो ओरडला. "कंपनीचा माल झक मारतोय की ह्याच्यापुढं!"

मिस्त्री म्हणजे संयोगिताचे सासरे, बाळासो. ती त्यांना मामा म्हणायची आणि सासूबाईंना आत्ती. मामा खुर्चीत ताठ बसून हसत होते.

हे हसू बघायला घर वर्षभर आसुसलं होतं. गेल्या उन्हाळ्यात मामांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, वाचा सावरली, उजवा हात मात्र थरथरता आणि कमजोर राहिला तो राहिलाच. जन्मभर उद्यमनगरात वेल्डिंग केलेला माणूस! दुकानाला कुलूप लागलं आणि मामा परड्यात भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, औषधांचं काम संपलं, आता ह्यांना जगावंसं कसं वाटेल ते तुम्ही बघा. आणि आज तोच माणूस सलूनवाल्याला टाळी देत होता, डाव्या हाताने का होईना.

संयोगिताही पुढे झाली. कौतुकाने हात फिरवावा तसा तिने स्टँडच्या मुख्य जोडावरून अंगठा फिरवला. अंगठा सुळकन पुढे गेला. मध्ये काही लागलंच नाही.

आता गुळगुळीत जोडात घाबरण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हणेल. सलूनवाला तर त्यालाच 'फिनिशिंग' म्हणत होता. पण वेल्ड म्हणजे वितळून बसलेल्या लोखंडाचा उंचवटा, आणि भार धरतो तो तोच उंचवटा. ग्राइंडर मारून तो सपाट केला की दिसायला झकास, आत मात्र पोकळ कारभार. हे संयोगिताला कुणी शिकवलं? मामांनीच. नेसरीहून लग्न होऊन आली तेव्हा तिला पाना म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मामांनी तिला दुकानात नेऊन बसवलं, डोळ्यांवर काळी काच दिली, शिकवलं. कामगाराने एकदा फाटकाचे जोड घासून गुळगुळीत केले तर मामांनी ते फाटक रस्त्यावर फेकून दिलं होतं. "लपवायला काय झालंय? वेल्ड दिसला पायजे," असे ओरडले होते की पलीकडच्या लेथवाल्यानं मशीन बंद केलं.

त्या माणसाने स्वतःचा वेल्ड घासला होता. म्हणजे तो दाखवण्यासारखा आला नव्हता. थरथरत्या हाताने तो नेमका कसा आला असेल, हे रंगाखाली बघायला काही मार्ग नव्हता.

"फोड की गं नारळ," बायडाबाई म्हणाल्या. संयोगिताने नारळ फोडला.

खरं तर हा स्टँड घरी करायचा असं ठरलंच नव्हतं. जयसिंगपूरच्या ऋतुराज नावाच्या गिऱ्हाइकाने आपली भलीमोठी, महागडी गाडी आणून लावली होती. पुढच्या दोन्ही शॉकमधून, म्हणजे चाकाचे धक्के झेलणाऱ्या नळ्यांमधून, ऑइल गळत होतं. असली गाडी गॅरेजात पहिल्यांदाच आलेली. मागचं चाक उचलायचा स्टँड त्यांच्याकडे होता, पुढचा नव्हता. इतर गाड्यांना इंजिनाखाली जॅक लावून भागायचं, पण ह्या गाडीच्या पोटाखाली सायलेन्सर. जॅक लावला तर सायलेन्सर चेपलाच म्हणून समजा.

स्टँड म्हणजे स्टँड, त्यात निवडायचं काय, असं अमरसिंहला वाटलं. त्याने मोबाइलवर सगळ्यांत स्वस्त बघितला आणि मागवायला निघाला. संयोगिताने मोबाइल हातातून काढून घेतला.

"अहो, ह्यो शॉकच्या बुडाला खालनं उचलतोय. आपल्याला शॉकच काढायचेत न्हवं? ज्याच्यावर गाडी उभी ऱ्हाणार तेच आपण काढून घेणार. मग गाडी काय आभाळाला टेकणार?"

लागतो तो दुसऱ्या जातीचा. हँडलच्या खाली, गाडीच्या मानेत एक भोक असतं, त्यात पिन घालून उचलणारा. तो महाग. शाहूपुरीतल्या दुकानात दोन होते. एक परदेशी, त्याची किंमत ऐकूनच अमरसिंह दाराकडे सरकला. दुसरा पुण्याकडचा, साधा, रंग धड नाही, पण जोड उघडे, मापाच्या पिना बरोबर आणि खिशाला झेपेल असा. संयोगिताने तो उलटासुलटा करून बघितला आणि मनात पक्का केला.

रात्री जेवताना तिने ते सांगितलं, आणि इथेच घोळ झाला. कोल्हापूरच्या माणसाला एक खोड आहे. लोखंडाची वस्तू विकत आणायची म्हटलं की त्याला घरच्या इज्जतीवर आल्यासारखं वाटतं. 'उद्यमनगरात करून घेऊया की' हे वाक्य इथे लहान पोरसुद्धा बोलतं. कित्येक महिने जेवताना एक शब्द न बोललेले मामा ताटातून वर बघत म्हणाले, "लोखंडाची वस्तू, आनि ह्या घरात दुकानातनं येणार?"

मामांच्या डोळ्यांत वर्षभर विझलेलं काहीतरी पेटलं होतं. संयोगिताच्या तोंडून निघून गेलं, "मग तुमीच करा की मामा." तिच्या जागी कुणीही असतं तरी हेच बोललं असतं.

मग मामांनी बंद दुकानातून वेल्डिंगचं मशीन आणवलं. मोबाइलवरचा फोटो बघून आणि काठीने गाडीची मापं घेऊन कामाला लागले. परड्यातल्या खोलीचं दार आतून लावलं. "कुणी यायचं न्हाय," असा हुकूम सुटला. दाराच्या फटीतून निळा उजेड लवलवायचा आणि बायडाबाई देवाला हात जोडायच्या. त्यानंतर ग्राइंडरचा आवाज आला. तो थांबेचना. नळीची टोकं साफ करत असतील, असं संयोगिता स्वतःला सांगत राहिली.

नारळाचं खोबरं वाटून झाल्यावर तिने अमरसिंहला स्वयंपाकघरात ओढलं.

"वेल्ड घासलाय."

"कुणी?"

"कुणी म्हंजे? मामांनी. अंगठा फिरवून बघा. उचलला तर तुटंल त्यो."

अमरसिंहने दाराकडे बघितलं. बाहेर मामा कुणाला तरी नळीची जाडी समजावून सांगत होते. "तुला वाटतंय," तो म्हणाला. "आबांचा वेल्ड तुटला असं कुणी ऐकलंय का आजवर?"

"आजवरचा हात येगळा हुता."

"गप की जरा!"

"बरं, आधी पोत्यात वाळू भरून टांगून बघूया. तेवढं तरी करूया."

"त्यांच्या डोळ्यांदेखत? त्यापेक्षा त्यांच्या तोंडावर थुक की!" अमरसिंहचा आवाज चिरकला. "वर्षानं हसलाय माझा बाप. मी बसतो गाडीखाली. पोराचा भरोसा हाय, एवढं दिसू दे त्यास्नी."

संयोगिताला त्याच्या कानाखाली एक द्यावीशी वाटली आणि त्याच वेळी गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. बाहेरून मामांची हाक आली, "अमर, चला की! मुहूर्त काढायचाय का काय?" एवढी ठणठणीत हाक! ती ऐकून तिचं उरलंसुरलं धैर्यही गेलं. ज्याने आपल्या हातात काम दिलं त्याच्याच हातात आता काही उरलं नाही, हे ती कुठल्या तोंडाने सांगणार होती?

तिने मधला मार्ग काढला. टेम्पोत गाड्या बांधायचा जाड पट्टा होता. तो तिने छपराच्या लोखंडी तुळईवरून टाकला आणि गाडीच्या टाकीपुढे, फ्रेमच्या मानेभोवती अडकवला. ताणला नाही, बोटभर ढिला ठेवला. स्टँड धरून राहिला तर पट्ट्यावर भारच येणार नव्हता आणि मामांना काही कळणार नव्हतं.

"ह्यो पट्टा कशाला?" मामांनी विचारलं.

"डुलू नये म्हणून, मामा. मोठ्या गाड्यांस्नी बांधत्यात."

मामांनी पट्ट्याकडे बघितलं, मग सुनेकडे बघितलं. संयोगिताने नजर चुकवली आणि उगीच पाने पुसायला घेतले.

आधी मागचं चाक स्टँडवर घेतलं. मग निळा स्टँड पुढून सरकवला, पिन मानेतल्या भोकात बसवली. अमरसिंहने दांडा हळूहळू खाली दाबला. लोखंड कुरकुरलं. पुढचं चाक उचललं, जमीन सुटली, चाक हवेत गरागरा फिरलं. सलूनवाल्याने शिट्टी मारली. बायडाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मामा मात्र हसत नव्हते. ते खुर्चीतून उठून जवळ आले आणि जोडाकडे बघत उभे राहिले. संयोगिताने त्यांचा चेहरा बघितला आणि तिच्या लक्षात आलं, की ह्या गर्दीत भ्यालेली माणसं दोन आहेत.

अमरसिंहने चाक काढून बाजूला ठेवलं. नंतर तो गाडीपुढे मांडी घालून बसला, दोन्ही हात शॉकच्या मधे घातले आणि बोल्ट सोडवायला लागला. गाडीचा सगळा पुढचा भार त्याच्या मनगटांच्या वर तोलून उभा होता. संयोगिताचे डोळे जोडावर खिळलेले. निळ्या रंगाला कुठे केसभर चीर तरी पडतेय का, एवढंच ती बघत होती. बाहेर एस.टी. गेली, जमीन जराशी हादरली, आणि ती अर्धं पाऊल पुढे सरकली.

बोल्ट घट्ट होता. अमरसिंहने जोर लावला.

टक्.

आवाज बारका होता. सलूनवाल्याला तो ऐकूही गेला नसेल. संयोगिताला ऐकू आला आणि मामांना ऐकू आला.

"अहो, उठा!"

अमरसिंहने वर बघितलं, तिच्याकडे नाही, बापाकडे. बापासमोर उठायचं कसं, म्हणून तो खुळ्यासारखा तिथेच थांबला. रंगावर एक पांढरी रेघ उमटली. संयोगिताने झेप घेऊन त्याची कॉलर धरली आणि सगळं अंग टाकून त्याला मागे ओढलं. दोघेही फरशीवर आडवे झाले. त्याच क्षणी जोड उघडला, स्टँड वाकडा होऊन खणखणत आपटला आणि गाडी खाली आली ती बोटभरच. पट्टा ताणला गेला, तुळई करकरली, गाडी लोंबकळत राहिली.

अमरसिंह स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघत होता. हात शाबूत होते.

नेमक्या त्याच वेळी दारात एक कार थांबली. काम कुठवर आलंय ते बघायला ऋतुराज जयसिंगपूरहून आला होता. आपली लाडकी गाडी पट्ट्याला टांगलेली बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"काय झालं हो हे?"

"माझी चूक," संयोगिता धडपडत उठली. शब्द आपोआप निघत होते. "पिन माझ्याकडनं वाकडी बसली. स्टँड चांगला हाय, मीच..."

"खोटं बोलू नगंस!"

मामांचा आवाज गॅरेजभर घुमला. त्यांनी वाकून तुटलेला तुकडा डाव्या हाताने उचलला आणि ऋतुराजपुढे धरला. तुटलेल्या जागी लोखंड एकमेकांत मिसळलंच नव्हतं. नुसतं वरवर चिकटलं होतं.

"पावणं, वेल्ड माझा हाय. हात थरथरत हुता, रेघ वाकडी आली. दुसऱ्यांदा मारला, ती बी वाकडी. लाज वाटली म्हणून घासला आनि रंग दिला. तुमची गाडी माझ्या सुनंमुळं वाचली. इश्वास नसंल तर घिऊन जावा, आमी काय बी म्हणणार न्हाय."

ऋतुराज गाडीभोवती एक फेरी मारून आला. कुठे ओरखडा नव्हता. त्याने म्हाताऱ्याच्या हातातल्या तुकड्याकडे बघितलं, त्या थरथरत्या उजव्या हाताकडे बघितलं. "ऱ्हाऊ दे हितंच," तो म्हणाला. "काम झालं की सांगा." आणि निघून गेला.

सलूनवालाही मान खाली घालून सटकला. चाक परत बसवून गाडी खाली घेतली. तोवर मामा खुर्चीत बसले होते.

"हिकडं ये," ते म्हणाले. संयोगिता पुढे गेली. "कवा कळलं तुला?"

"काय, मामा?"

"घासलाय ते."

"नारळ फोडायच्या आधी."

मामांनी मान हलवली. "म्हंजे तुला ठावं हुतं. आनि तरी माझं पोरगं खाली बसू दिलंस?"

"पट्टा बांधलेला की मामा..."

"पट्ट्याचं सांगू नगंस मला. पट्टा तुटत न्हाय व्हय? तुळई न्हाय वाकत?" मामांनी छपराकडे बोट केलं. "माझं मन राखाया माझ्या पोराचं हात पणाला लावलंस. त्याचं बी माझ्यागत झालं असतं, मग? दोघं बसलो असतो भिंतीकडं तोंड करून!"

हे खरं होतं. अंगावर उकळतं पाणी पडावं तसं ते तिला लागलं. आणि लागलं म्हणूनच, वर्षभर दातांखाली दाबून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"मग काय करू मी? सांगा की! घासताना तुमाला ठावं न्हवतं? तुमी बी बसू दिलासाच की त्यास्नी! वरीसभर भिंतीकडं बघत बसलाय, एक दिस पोटभर जेवला न्हाईसा. आमी सगळी पाय न वाजवता चालतोय घरात. तुमचा हात आता चालत न्हाई, हे तुमाला सांगायचं कुणी? ह्यांनी? आत्तींनी? का मी?"

बोलून गेल्यावर तिने स्वतःच तोंडावर हात ठेवला. बायडाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. अमरसिंह म्हणाला, "संयू!" झटका आल्यापासून हे वाक्य ह्या घरात कुणीच उच्चारलं नव्हतं. 'होईल हळूहळू' म्हणायचे, 'मालिश करा' म्हणायचे, 'डॉक्टर आशा देतायत' म्हणायचे.

मामांनी उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले.

"व्हय," ते म्हणाले. "न्हाई चालत."

आणि मग बाळासो मिस्त्री रडले. अगदी मोठ्याने, ऊर फुटल्यासारखे रडले. कुणी गप्प करायला गेलं नाही. संयोगिता खाली बसली आणि तीही रडली. अमरसिंह भिंतीला टेकून उभा राहिला, त्याचंही तेच.

भर ओसरल्यावर मामांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "म्हंजे मी बी बसू दिलं, ते बरोबर बोललीस," ते म्हणाले. "तुझ्यापेक्षा माझं जास्त चुकलं. अमर, इकडं ये." त्यांनी मुलाचे हात आपल्या हातात घेऊन उलटसुलट करून बघितले आणि सोडून दिले.

थोड्या वेळाने म्हणाले, "चप्पल दे माझी."

"कुठं निघालाय?" बायडाबाईंनी घाबरून विचारलं.

"शाहूपुरीला. स्टँड आणायचा न्हवं? मलाबी बघू दे की, दुसऱ्या कुणाचा तरी हात कसा चालतोय."

अमरसिंह किल्ली घ्यायला पुढे झाला. मामांनी त्याला हातानेच थांबवलं आणि सुनेकडे बोट केलं. संयोगिताने डोळ्यांवर पाणी मारलं, स्कूटर बाहेर काढली. मामा मागे बसले. उजवा हात त्यांनी तिच्या खांद्यावर ठेवला. तो एकसारखा थरथरत होता, आणि थरथर तिच्या मानेपर्यंत पोचत होती. एरवी ती काही जाणवत नसल्यासारखी चालवत राहिली असती.

"दुखतोय का हात?" तिने विचारलं.

"लई," मामा म्हणाले. "जरा हळू घे."

तिने स्कूटर हळू घेतली.